बीएस्सीनंतर थेट न्यूजरूम: शिकलेलं सायन्स तिथं कामाला येतं का?

"बीएस्सी करून आता हातात माईक घेणार?" केमिस्ट्री किंवा बॉटनी सोडून मीडियात जायचं म्हटलं की घरातून हा प्रश्न येतोच. भीती असते ती तीन वर्षं आणि फी वाया जाण्याची.

प्रवेशाचा प्रश्न तसा सोपा आहे. पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सहसा कोणत्याही शाखेची पदवी चालते. पुण्यातली रानडे इन्स्टिट्यूट असो की अमरावतीतलं आयआयएमसीचं केंद्र, आर्ट्सचीच पदवी हवी अशी अट नाही. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असतो, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अडचण येते ती लिहिताना. प्रयोगवहीत आधी उद्देश, मग साहित्य, कृती, निरीक्षण आणि शेवटी निष्कर्ष. बातमीत निष्कर्ष पहिल्याच वाक्यात लागतो. रील असेल तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत. शिवाय कॉपी लिहिणं, मोबाईलवर उभा व्हिडिओ शूट करणं, व्हॉइसओव्हर, एडिटिंग हे सगळं बऱ्याचदा एकालाच करावं लागतं. हे शून्यापासून शिकायचं.

मग सायन्सचा उपयोग कुठे? मान्सूनचं उदाहरण घ्या. समजा, अंदाज आला की देशात सरासरीच्या १०३ टक्के पाऊस पडेल. लगेच पोस्टर फिरतं, 'यंदा धो धो पाऊस!' पण ही सरासरी १९७१ ते २०२० या काळातली, जून ते सप्टेंबरची आणि अख्ख्या देशाची आहे: ८७ सेंटिमीटर. हवामान विभागाच्या भाषेत ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सामान्य' पाऊस. साताऱ्यातल्या माण तालुक्यात कोणत्या आठवड्यात पाऊस पडेल, हे त्यातून कळत नाही. पोस्टर बघून कुणी घाईत पेरलं आणि पावसानं दडी मारली, तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. 'सरासरी कशाची?' हे विचारायची सवय सायन्सवाल्याला असते. न्यूजरूममध्ये ती हवीच आहे.

आणि हा रस्ता नवा नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधन केलेले बाळ फोंडके पुढे 'सायन्स टुडे'चे संपादक झाले, मराठीतही भरपूर लिहिते राहिले.

कोर्सची फी भरण्याआधी अंदाज घ्यायचाय? आपल्याच विषयातला एक रिसर्च पेपर घ्या, ९० सेकंदांची स्क्रिप्ट लिहा आणि सायन्स न शिकलेल्या कुणाला तरी ऐकवा. ऐकणारा मधेच मोबाईल बघायला लागला, तर स्क्रिप्ट पुन्हा लिहायची.