जाळीआडची ज्योत

प्रयोगशाळेत तिवईवर चंचुपात्र ठेवण्यापूर्वी आपण तिच्यावर तारेची जाळी ठेवतो. उष्णता सर्वत्र सारखी पसरावी म्हणून, असे मुलांना सांगतो आणि पुढच्या कृतीकडे वळतो. अशाच जाळीचा एक इतिहास कोळशाच्या खाणीत घडला आहे.

इंग्लंडमध्ये गेट्सहेडजवळच्या फेलिंग खाणीत २५ मे १८१२ रोजी स्फोट होऊन ९२ जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू झिरपत असतो. हवेतील त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले, की एखादी ठिणगीही पुरते. पण खाणीतल्या अंधारात दिव्यावाचून काम कसे करणार? आणि त्या काळी दिवा म्हणजे उघडी ज्योत!

१८१५ च्या ऑगस्टमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही न्यूकॅसल परिसरातील खाणी पाहून आले. खाणीतील वायूचे नमुने मागवून त्यांनी लंडनमध्ये प्रयोग सुरू केले. दोन गोष्टी लक्षात आल्या. हा वायू पेटायला बरेच उच्च तापमान लागते. आणि अरुंद नळीतून त्याचा स्फोट पलीकडे जात नाही. नळी जितकी अरुंद, तितकी ती आखूडही चालते. हा विचार शेवटपर्यंत नेला तर काय उरते? बारीक छिद्रांची जाळी! डेव्हींनी ज्योतीभोवती अशी जाळी बसवली. तिच्यात एका इंचात २८ तारा, म्हणजे चौरस इंचात ७८४ छिद्रे होती. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्न खाणीत या दिव्याची चाचणी झाली. डेव्हींनी त्याचे पेटंट घेतले नाही. त्याच सुमारास किलिंगवर्थ खाणीतील जॉर्ज स्टीफन्सन यांनीही स्वतंत्रपणे सुरक्षित दिवा तयार केला होता. पुढे श्रेयावरून बराच वाद झाला.

जाळीला छिद्रे असताना ज्योत बाहेर का येत नाही? वायू छिद्रांतून सहज ये-जा करतो. पण धातू उष्णतेचा सुवाहक असल्याने जळणाऱ्या वायूची उष्णता तारा ओढून घेतात. ती जाळीभर पसरते आणि भोवतालच्या हवेत जाते. पलीकडे पोचलेला वायू प्रज्वलन तापमानाखाली आलेला असतो, म्हणून तो पेटत नाही.

हे वर्गात दाखवता येते. मधोमध पांढरा थर नसलेली साधी बारीक जाळी चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर हळूहळू खाली आणा. ज्योत जाळीखालीच थांबते, वर नुसता धूर येतो. त्या धुराला काडी लावली तर तोही पेटतो. म्हणजे जाळीने इंधन अडवले नव्हते, अडवली होती उष्णता. काय होईल याचा अंदाज मुलांना आधी बांधू द्यावा.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट बहुधा इथे संपते. इतिहास मात्र पुढे चालू राहतो. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने डरहॅम आणि नॉर्दम्बरलंड या परगण्यांतील खाणींतल्या मृत्यूंचे आकडे मांडले. दिवा येण्यापूर्वीच्या १८ वर्षांत ४४७, तर नंतरच्या १८ वर्षांत ५३८!

असे का व्हावे? कोळशाचे उत्पादन वाढले होते, हे एक कारण. पण दिवा हाती आल्यावर पूर्वी धोकादायक म्हणून सोडून दिलेल्या जागांतही खोदकाम होऊ लागले. हवा खेळती ठेवण्याचा खर्च टाळून दिव्यावर भिस्त ठेवली गेली. जाळीमुळे उजेड मंद पडे, म्हणून काही कामगार ती काढून ठेवत. जाळी गंजे, फाटे. जोराच्या झोताने ज्योत छिद्रांतून बाहेर ढकलली जाई आणि जाळी लाल तापली की तिची उष्णता शोषण्याची क्षमता संपे. उष्णतावहनाचा नियम चुकला नव्हता. तो कोणत्या परिस्थितीत लागू पडतो, याकडे मात्र दुर्लक्ष झाले.

पुढे काचेचे व आवरणाचे सुधारित दिवे आले, वायुवीजनाचे कायदे आले, मग विजेचे दिवे आले. जाळीचे तत्त्व आजही इंधनटाक्यांच्या वायुमार्गांत ज्वालारोधक म्हणून वापरले जाते. मुलांना डेव्हींचा दिवा शिकवताना ४४७ आणि ५३८ हे दोन आकडेही फळ्यावर लिहावेत, आणि दिवा चांगला असूनही असे का झाले, हे त्यांनाच विचारावे.