कोच, कॉलेज आणि सात हजार

शेजाऱ्याच्या पोराचे मार्क आणि शेजारच्या कॉलेजचा निकाल, या दोन गोष्टींत माणसाला जेवढा निःस्वार्थी रस असतो तेवढा स्वतःच्या रक्तदाबातही नसतो. त्यातून ते कॉलेज आपल्याला खेळात हरवणारं असेल तर विचारूच नका. एरवी 'शिक्षणाचा दर्जा' हे शब्द ज्याच्या तोंडून जन्मात निघाले नाहीत असा गृहस्थही सामना हरल्यावर चष्मा पुसत म्हणतो, "जिंकले खरे, पण त्यांच्याकडे शिक्षण आहे कुठं?" जिंकलो असतो तर हाच गृहस्थ गुलाल लावून नाचला असता आणि शिक्षणाची चौकशी पुढच्या पराभवापर्यंत तहकूब राहिली असती. प्रतिस्पर्ध्याच्या शिक्षणाचा घसरलेला दर्जा हा फक्त हरलेल्या बाजूच्या प्रेक्षकांतूनच दिसतो. प्रकाशाचे इतके नियम शोधले, पण हा शोधायचा न्यूटनसाहेबांच्या हातून राहून गेला.

आमचं कोल्हार प्रवरेच्या काठी, नगर–मनमाड रस्त्यावर वसलेलं. भगवतीचं देऊळ, उसाच्या गाड्या आणि रस्त्यावरची रहदारी यांतून सवड काढून गाव इतरांच्या कारभाराकडे लक्ष देतं. मध्यंतरी पलीकडच्या एका कॉलेजला खेळासाठी कोच हवा असल्याची बातमी आली. (नाव सांगत नाही, मला त्याच रस्त्यानं जावं-यावं लागतं.) झालं! चहाच्या टपरीवर निवड समिती बसली. सरकारी समितीपेक्षा ही समिती बरी, कारण हिला प्रवासभत्ता लागत नाही.

"सर, ते म्हणे पुण्याचा माणूस आणताहेत," एक बागायतदार काका मला म्हणाले.

"आणू द्या की, काका."

"आणू द्या काय! पगार किती देणार, ऐकलंत का? तेवढ्यात इंग्रजीचे दोन प्रोफेसर येतील."

"मग त्यांनी प्रोफेसर आणावेत असं म्हणता?"

"छ्या! प्रोफेसर आणून मॅच जिंकता येती का?" काका बशीतला चहा संपवत म्हणाले, "मी आपलं तत्त्वाचं बोललो."

काकांनी बसल्या जागी जो पेच टाकला, त्यात अमेरिकेतली मोठमोठी विद्यापीठं सव्वाशे वर्षं अडकून पडली आहेत. तिथं हार्वर्ड आणि येल ही दोन विद्यापीठं म्हणजे विद्वत्तेची माहेरघरं. या दोन माहेरांत १८७५ साली फुटबॉलचा पहिला सामना झाला. हा फुटबॉल आपला नव्हे. यात चेंडू हातात धरून पळतात, आणि तो ज्याच्या हातात असेल त्याच्यावर बाकीचे उसाच्या मोळ्या टाकाव्यात तसे पडतात. पहिला सामना हार्वर्डनं जिंकला, पण पुढं येलनं असा काही सपाटा लावला की १९०२ ते १९०७ अशी ओळीनं सहा वर्षं हार्वर्ड हरलं, आणि या सहा सामन्यांत मिळून त्यांना एक गुणसुद्धा मिळाला नाही. शून्य अधिक शून्य याची अशी उजळणी बालवाडीतही कोणी करून घेत नाही.

मग हार्वर्डनं कोच शोधला. १९०५ साली बिल रीड नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण नेमला आणि त्याला वर्षाला सात हजार डॉलर देऊ केले. त्या काळी हार्वर्डच्या जुन्या-जाणत्या प्राध्यापकांनाही एवढा पगार नव्हता. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या पगाराच्या आसपास ही रक्कम जात होती, आणि गंमत म्हणजे हे एलियटसाहेब फुटबॉलच्या पक्के विरोधात होते! घरच्या कर्त्या पुरुषाला भजन आवडू नये आणि घरातल्यांनी त्याच्याइतक्याच पगारावर बुवा नेमावा, तसला प्रकार. एवढं करून रीडच्या हाताखाली हार्वर्ड १९०५ साली येलकडून हरलं आणि १९०६ सालीही हरलं. सात हजारांत शून्य बदललं नाही. रीडसाहेब गेले. पुढं १९०८ साली पर्सी हॉटन हा नवा कोच आला, तेव्हा कुठं हार्वर्ड चार-शून्यानं जिंकलं.

आता तुम्ही म्हणाल, येलवाले तरी अभ्यासू असतील. त्यांच्या १९०४ सालच्या कप्तानाची हकिगत ऐका. जेम्स होगन हे कप्तान सत्ताविशी गाठलेले विद्यार्थी होते. (आपल्याकडेही असे विद्यार्थी असतात, पण ते निवडणुकीपुरते.) त्यांना राहायला चांगल्या वसतिगृहात खोल्या, जेवण मोफत, सामन्याच्या कार्यक्रमपत्रिका विकण्यात हिस्सा, आणि कडी म्हणजे गावात खपणाऱ्या एका कंपनीच्या सिगारेटींवर दलाली! हंगाम संपल्यावर थकवा घालवायला क्यूबाची सहल. १९०५ साली एका अमेरिकन मासिकानं हे सगळं छापलं तेव्हा लोकांना शिक्षणाच्या दर्जाची एकदम आठवण झाली. हार्वर्डवाल्यांना ती आधीपासून होती. ते हरत होते ना!

पण १९०५ साली प्रकरण हसण्यापलीकडं गेलं. त्या एका हंगामात हा खेळ खेळताना सुमारे दीड डझन पोरं मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा स्वतःचा मुलगा त्या वर्षी हार्वर्डच्या नवख्यांच्या संघात होता. त्यांनी ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून तंबी दिली. हंगाम संपल्यावर इतर कॉलेजंही एकत्र बसली. नियम बदलले, आणि १९०६ मध्ये कॉलेजांच्या खेळावर देखरेख करणारी संघटना उभी राहिली. सिगारेटच्या दलालीनं जे झालं नाही ते मेलेल्या पोरांनी केलं. जगात सगळीकडं नियमांची पुस्तकं याच शाईनं लिहिली जातात.

शिकागो विद्यापीठानं तर यावर रामबाण उपाय काढला. तिथं अमॉस अलोन्झो स्टॅग हे १८९२ पासून चाळीस वर्षं कोच होते. त्यांच्या नावाचं मोठं मैदान होतं. ते गेल्यावर संघाची अशी उतरण लागली की १९३९ साली मिशिगननं त्यांना पंच्याऐंशी-शून्यानं हरवलं. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स वयाच्या तिसाव्या वर्षी त्या खुर्चीत बसलेले. त्यांनी नवा कोच शोधला नाही. त्याच वर्षी फुटबॉलच बंद करून टाकला! डोकेदुखीवर डोकं काढण्याचा हा इलाज म्हणा हवं तर. पण पुढं काय झालं पाहा. रिकाम्या पडलेल्या त्या स्टॅग मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळी प्रक्रिया घडवली. मैदानावर फुटबॉल चालू असता तर अणुयुग कदाचित पुढच्या हंगामावर गेलं असतं. मानवजातीनं पंच्याऐंशी-शून्य परवडलं म्हणावं की काय, असा विचार कधीकधी माझ्या मनात येतो.

आणि दर्जाची परीक्षा खुद्द कोचनंच द्यायची वेळ आली ती २००१ साली. नोत्र दाम या नामांकित विद्यापीठानं डिसेंबरात जॉर्ज ओलिअरी यांना मोठ्या थाटात कोच नेमलं. मग त्यांच्या माहितीपत्रकात कोणी तरी नाक खुपसलं. त्यात लिहिलेली एम.ए.च्या तोडीची पदवी त्यांनी घेतलेलीच नव्हती आणि कॉलेजात असताना संघातून तीन वर्षं खेळल्याचं लिहिलं होतं तेही खरं नव्हतं. पाच दिवसांत गृहस्थांनी राजीनामा दिला. आपल्याकडं लग्न जमवताना मुलाच्या माहितीत 'बी.कॉम. (अपिअर्ड)' लिहितात, तेवढं जरी सुचलं असतं तरी नोकरी वाचली असती! त्यांच्या जागी स्टॅनफर्डसारख्या अभ्यासू विद्यापीठातून टायरन विलिंगहॅम आले. यांचं सगळं खरं होतं. पण सामने पुरेसे जिंकले नाहीत म्हणून तीन हंगामांनी, २००४ साली, त्यांनाही घरी पाठवलं. म्हणजे खोटी पदवी पाच दिवस टिकते आणि खरी तीन वर्षं.

आपल्याकडं हा घोळ पूर्वी फारसा नव्हता, कारण कोच आणि प्रोफेसर हे एकाच माणसात बसत. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं, आणि मग १९१६ साली न्यू पूना कॉलेज निघालं. तेच पुढं सर परशुरामभाऊ, म्हणजे एस.पी. या एस.पी.त दिनकर बळवंत देवधर संस्कृत शिकवायचे. सकाळी रूपं चालवायची आणि दुपारी बॅट! १९२६ साली गिलिगनचा एम.सी.सी. संघ मुंबईत आला तेव्हा या संस्कृतच्या प्रोफेसरांनी त्यांच्याविरुद्ध १४८ धावा ठोकल्या. १९३२ साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला गेला तेव्हा देवधर चाळिशीचे होते. संघात त्यांचं नाव नव्हतं. चाळिशीत माणूस चष्म्याचा नंबर काढायला जातो. देवधरांनी महाराष्ट्राचं कप्तानपद घेऊन १९३९–४० आणि १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक आणला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. बावन्नाव्या वर्षी एकाच सामन्यात दोन शतकं. त्यांच्या वर्गात बसून 'सर, आज बरं वाटत नाही' असं म्हणायची कोणा विद्यार्थ्याची काय टाप होती!

आमच्या प्रवरेकाठानंही एकदा असा कोच शोधला होता. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभारला, तेव्हा अध्यक्ष कोणाला केलं? पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना. अर्थशास्त्राचा पंडित! काकांच्या टपरीवर कोणी विचारलं असतं तर "प्रोफेसर आणून ऊस गाळता येतो का?" असंच उत्तर मिळालं असतं. आला की गाळता. आजूबाजूच्या चिमण्या मोजा.

पण कोच आणि कॉलेज म्हटलं की मला खरी आठवण येते ती कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव हा पोरगा तिथं शिकत होता. उंची पाच फूट पाच इंच. कॉलेजच्या कुस्त्यांत नाव द्यायला गेला तर खेळाच्या मास्तरांनी, एवढासा तू काय कुस्ती करणार, म्हणून नाव घेतलं नाही, असं सांगतात. पोरगा थेट प्राचार्य खर्डेकरांकडं गेला. खर्डेकर म्हणाले, खेळू द्या त्याला. आणि त्यानं आपल्याहून थोराड गडी एकामागून एक चीत केले.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. जन्म मातीत गेलेला, आणि तिथं पायाखाली मॅट. तिथं त्यांना रीस गार्डनर नावाच्या एका अमेरिकन मल्लानं शिकवलं. सहावा नंबर आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावोगाव हिंडून वर्गणी गोळा झाली, तरी पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये दिले.

सात हजार! हार्वर्डनं रीडला दिले तेही सात हजारच. डॉलर आणि रुपया यांतला फरक मला कळतो, तो सांगायला कोणी पत्र पाठवू नये. पण रीडचे सात हजार विद्यापीठाची मंडळी आणि माजी विद्यार्थी यांनी येलला हरवण्यासाठी मोजले होते. खर्डेकरांचे सात हजार एका मास्तरानं, ज्याचं नाव कोणी लिहून घेत नव्हतं अशा पोरासाठी, स्वतःच्या छपरावर काढले होते. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कुस्त्या धरल्या, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

आता शिक्षणाचा दर्जा मोजायला समित्या येतात, इमारती पाहतात, पुस्तकं मोजतात, चहा घेतात. यात राजाराम कॉलेजच्या त्या वर्षाला किती गुण द्यायचे, त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. खर्डेकरांचा हा गौरव करताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. ज्या देशात पदक आणायला प्राचार्याला घर गहाण टाकावं लागतं, त्या देशानं त्याचा फार अभिमान बाळगू नये. खाशाबा पुढं पोलिसात गेले, १९८४ साली अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, २००० सालचा. इतका उशीर तर आमच्या विद्यापीठाच्या निकालालाही होत नाही.

तेव्हा कोणा कॉलेजला कोच हवा असेल, तर त्यांनी खुशाल पुण्याचा आणावा, अमेरिकेचा आणावा, जमल्यास पदव्या तपासून आणावा. फक्त मुलाखतीत एक प्रश्न घालावा : साहेब, पाच फूट पाच इंचाचं पोरगं दारात उभं राहिलं, तर काय कराल? आणि मग कोचला बाहेर बसवून हाच प्रश्न प्राचार्यांना विचारावा.