पेपर लिहिण्याआधीचा निकाल

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टची पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. दुपारच्या जेवणापर्यंत गुणपत्रिकाही हजर असतात: या संघाला ए, त्याला सी वजा. ज्या पोरांवरून हे गुण द्यायचे, त्यांनी एनएफएलमध्ये अजून एक चेंडूही पकडलेला नसतो. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. तरी मी त्या वाचतो. जुन्या तर जास्तच चवीने.

कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंमधून दुबळ्या संघाने आधी निवडायचं, ही पद्धत 1936 पासूनची. त्या वर्षी पहिलं नाव निघालं जे बर्वांगरचं. तो एनएफएलमध्ये कधी खेळलाच नाही! 1980 मध्ये ईएसपीएनने ड्राफ्ट टीव्हीवर आणला आणि 1984 पासून तिथे मेल कायपर बसू लागला. भाकितं करणं हाच त्याचा धंदा.

1994 मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सची पाचवी निवड होती. कायपरचं म्हणणं, क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरला घ्या. कोल्ट्सने घेतला लाइनबॅकर ट्रेव्ह अल्बर्ट्स. कायपरने टीव्हीवरच झोडपलं. त्यावर संघाचे बिल टोबिन कॅमेऱ्यासमोर उखडले: हा कायपर कोण लागून गेला? माझा शेजारी पोस्टमन आहे, त्याची आणि याची पात्रता सारखीच.

मग बरोबर कोण होतं? अल्बर्ट्स दुखापतींमुळे तीन हंगामांत संपला. म्हणजे कायपर जिंकला? पण दुखापत कुठे त्याच्या भाकितात होती! डिल्फर पुढे सुपर बोल जिंकला, पण वेगळ्याच संघाकडून, आणि तोही मुख्यतः त्या संघाच्या बचावाच्या जोरावर. इकडे कोल्ट्स डिल्फरशिवायच 1995 च्या हंगामात सुपर बोलच्या एक पाऊल अलीकडे पोचले. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी मार्शल फॉकला घेतलं होतं, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. भांडणाच्या आठवणीत त्याचं नाव कुणी काढत नाही.

मला वाटतं, ड्राफ्टच्या रात्रीचा शेरा खेळाडूला नसतोच. संघाची यादी समीक्षकाच्या यादीशी किती जुळली, याचे ते गुण असतात. 2012 मध्ये सिअ‍ॅटलच्या निवडींना अनेकांनी तळाचे गुण दिले. त्यांत बॉबी वॅग्नर होता, तिसऱ्या फेरीतला रसेल विल्सन होता. फेब्रुवारी 2014 मध्ये तोच संघ सुपर बोल 43–8 ने जिंकला.

समीक्षकांना हसणंही सोपं आहे म्हणा. लाखो डॉलर ओतणाऱ्या संघांचं तरी काय? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी मोजलं: आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेवर खेळणाऱ्या, त्याच्यानंतर लगेच निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता 52 टक्के. नाणेफेकीपेक्षा दोन टक्के जास्त.

थोडं थांबून, तीन वर्षांनी गुण द्यावेत, असं जाणकार सांगतात. म्हणून मी 1994 ची गुणपत्रिका स्वतः भरायला घेतली. अल्बर्ट्स गेला, एफ. फॉक, ए. पण फॉकला कोल्ट्सने 1999 मध्ये दुसऱ्या संघाला देऊन टाकलं आणि पुढच्याच जानेवारीत तो तिथे सुपर बोल जिंकला. ते गुण कुणाच्या खात्यात टाकू? इंडियानापोलिसपुढचा रकाना तीनदा खोडून झालाय.