शेवटच्या वाहनाचा लाल दिवा

#धागा

गेल्या सुगीत मुरबाड तालुक्यातील आमच्या आजोळी भाताचे भारे घेऊन परतणाऱ्या एका ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळली. स्वार वाचला, परंतु त्याचा एक पाय गेला. त्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. मामांच्या ट्रॉलीलाही नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत तिला दिवे बसवताना प्रश्न पडला : वाहनाच्या पाठीला लाल दिवा हवा, हे प्रथम कोणाला आणि कशासाठी वाटले?

आपल्या परिसरापुरते उत्तर शेजारच्या शहापूर तालुक्यातील रुळांवर सापडते. कल्याणहून निघालेला लोहमार्ग १८५५ साली वासिंदला, १८६० साली आसनगावला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोहोचला. थळ घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ साल उजाडले. या घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. अशा चढावर डबे जोडणारी साखळी तुटली तर मागचे डबे तिथेच राहतात, किंवा घरंगळतात.

म्हणून रेल्वेत शेवटच्या डब्यावरील दिव्याला असाधारण महत्त्व आले. गाडी स्थानकातून जाताना कर्मचारी तिच्या पाठीकडे पाहतो. रात्री लाल दिवा, दिवसा ‘एल.व्ही.’ अक्षरांची पाटी दिसली, की गाडी अखंड आली असे समजायचे. ती खूण दिसली नाही, तर मागचा मार्ग मोकळा झाला असे धरायचे नाही आणि दुसरी गाडी सोडायची नाही. इंजिन समोर उभे असले, तरी गाडी पूर्ण आल्याची साक्ष शेवटचा डबा देतो.

मुरबाड गावात अजूनही रेल्वे आलेली नाही. तिथे सातवाहनकाळापासून नाणेघाटाची वाट, नंतर माळशेजची, आणि त्यांवर बैल. म्हशाच्या यात्रेला निघालेल्या बैलगाडीच्या आखाला टांगलेला कंदील जुन्या माणसांच्या आठवणीत आजही हलतो आहे. तो बैलांना व गाडीवानाला वाट दिसावी म्हणून असे. मागून येणाराही बैलांच्याच चालीने येई. त्याच्यासाठी वेगळा दिवा लावावा असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

मोटारीने ते कारण निर्माण केले. पण गंमत पाहा, कायद्याला आधी वेगळीच चिंता होती. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारींना क्रमांक सक्तीचे झाले आणि रात्री मागचा क्रमांक वाचता येईल असा दिवाही सक्तीचा झाला. पळून जाणारी मोटार पोलिसाला ओळखता आली पाहिजे! आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहनांचे तीन कायदे झाले. १९८९ च्या केंद्रीय नियमांत ही दोन्ही कामे शेजारी-शेजारी नांदतात : मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा आणि क्रमांक १५ मीटरवरून वाचता यावा.

ट्रॉलीचे प्रकरण याहून नाजूक. १९८८ च्या कायद्याचे ६१ वे कलम सांगते की, ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीवरही दिसला पाहिजे. म्हणजे ट्रॉलीच्या पाठीवर नाव ट्रॅक्टरचे आणि दिव्यातली वीजही ट्रॅक्टरचीच. स्वतःचे म्हणून तिच्याजवळ दोन चाके आणि एक फाळका.

ही उसनी वीज जिथून जाते, तिथेच सारा घोटाळा असतो. ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचे सॉकेट असते : दोन बाजूंचे दोन टेल लाइट, दोन इंडिकेटर, ब्रेक, धुक्यासाठीचा दिवा आणि अर्थ. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार अर्थची तार पांढरी असते. आमच्या ट्रॉलीत जी उरली होती ती हिरवी, आणि तीही कुठे जोडलेली नव्हती. आधीच्या कोणीतरी परतीचा प्रवाह हुकाच्या पिनेवर सोडून दिला होता. त्या पिनेवर गंज, ग्रीस आणि चिखल. प्रत्येक खड्ड्याला दिवा विझणार, हे ठरलेलेच.

आम्ही स्वतंत्र अर्थची तार ओढली, चॅसीवरचा रंग खरवडून लखलखीत लोखंडावर ती बोल्टने आवळली. वळताना ताण बसू नये म्हणून दांडीपाशी तारेला सैल झोळ ठेवला. एकाच बल्बमध्ये ५ वॅटची तार टेलसाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. पहिल्या चाचणीत ब्रेक दाबताच एका बाजूचा टेल लाइट विझला. त्या दिव्याचा अर्थ सुटला होता आणि प्रवाह दुसऱ्या तारेतून परतीची वाट शोधत होता. पुन्हा खरवडले, पुन्हा आवळले.

मामा मात्र प्रसन्न नव्हते. “अरे, रेडियम लाव की दोन पट्ट्या. मागच्याला दिवा असतोच, त्याला दिसंल.” या पट्टीत रेडियम नावालाही नसते, हे इतिहासवाल्यांना सांगायला हवे. एकेकाळी घड्याळाच्या काट्यांवर खरे रेडियम लावत, तेवढे नाव मागे उरले. ही पट्टी फक्त दुसऱ्याने टाकलेला उजेड परत करते. मागच्याचा दिवा मंद असेल, पट्टीवर चिखल बसला असेल, भाऱ्यांचा पेंढा तिच्यावर लोंबत असेल, तर काळोखात काळोखच. मी म्हटले, “मामा, तो मोटारसायकलवाला दिवा लावूनच आला होता.”

ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी भारे भरताना त्यांनी मला हाक मारली. फाळक्यावरून लोंबणारा पेंढा त्यांनी विळ्याने दोन्ही दिव्यांपुरता छाटला होता. “जा, मागं उभा राहून बघ,” म्हणाले आणि ब्रेकवर पाय ठेवला.