जोलीन (अल्बम)

जोलीन हा अमेरिकन गायिका व गीतकार डॉली पार्टन यांचा तेरावा एकल स्टुडिओ अल्बम आहे. आर.सी.ए. व्हिक्टर या कंपनीने तो फेब्रुवारी १९७४ मध्ये प्रकाशित केला. त्याची निर्मिती बॉब फर्ग्युसन यांची आहे. शीर्षकगीत 'जोलीन' व 'आय विल ऑलवेज लव्ह यू' ही यातील दोन्ही एकगीते बिलबोर्डच्या कंट्री गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

पार्श्वभूमी

पार्टन १९६७ पासून पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सहगायिका होत्या. स्वतंत्र कारकीर्द घडवण्यासाठी त्यांनी १९७४ मध्ये तो कार्यक्रम सोडला. हा अल्बम या स्थित्यंतराच्या काळातील आहे.

रचना

अल्बममध्ये दहा गीते असून त्यांपैकी आठ पार्टन यांनी लिहिली आहेत. 'लोनली कमिन डाउन' हे गीत वॅगनर यांचे, तर 'इट मस्ट बी यू' हे ब्लेझ टोस्टी यांचे आहे. 'अर्ली मॉर्निंग ब्रीझ' पूर्वी 'कोट ऑफ मेनी कलर्स' (१९७१) या अल्बममध्येही आले होते.

एकगीते

जोलीन : हे गीत ऑक्टोबर १९७३ मध्ये, अल्बमच्या आधी प्रकाशित झाले. आपल्या पतीला हिरावून नेऊ नकोस, अशी एका रूपवतीला केलेली विनवणी हा त्याचा विषय. प्रतिस्पर्धी स्त्रीविषयी संताप नव्हे, तर तिच्या सौंदर्याची कबुली आणि स्वतःची असहायता त्यात व्यक्त होते. गिटारच्या तारांची द्रुत छेड व तेच नाव पुन्हा पुन्हा उच्चारणारे ध्रुपद ही त्याची वैशिष्ट्ये होत. पतीशी सलगी करणाऱ्या बँकेतील एका कर्मचारी स्त्रीवरून कल्पना सुचली, तर नाव स्वाक्षरी मागायला आलेल्या एका लाल केसांच्या मुलीचे घेतले, असे पार्टन यांनी सांगितले आहे. १९७६ मध्ये हे गीत ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर पोहोचले.

आय विल ऑलवेज लव्ह यू : मार्च १९७४ मध्ये प्रकाशित झालेले हे गीत प्रेमगीत म्हणून ओळखले जात असले, तरी ते वॅगनर यांचा निरोप घेण्यासाठी लिहिले गेले. कृतज्ञता न सोडता वेगळे होणे हा त्याचा गाभा आहे.

हक्कांचा प्रश्न

एल्विस प्रेस्ली यांना 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गाण्याची इच्छा होती. मात्र त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी त्यासाठी गीताच्या प्रकाशनहक्कांपैकी निम्मा वाटा मागितला. पार्टन यांनी नकार दिला. त्या काळी प्रेस्लींनी आपले गीत गावे हे कोणत्याही गीतकारासाठी मोठे भाग्य मानले जाई. त्यामुळे हा निर्णय त्यांना अतिशय जड गेला.

पुढे १९९२ मध्ये 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन यांनी हे गीत गायले. ती आवृत्ती बिलबोर्ड हॉट १०० यादीत सलग १४ आठवडे अग्रस्थानी राहिली. हक्क स्वतःकडे असल्याने तिचे मानधन पार्टन यांना मिळाले. संगीतव्यवसायात गीतकाराने आपले हक्क का जपावेत, हे सांगताना या घटनेचा दाखला दिला जातो.

प्रभाव

पार्टन यांनी स्वतः 'आय विल ऑलवेज लव्ह यू' १९८२ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि ते कंट्री यादीत दुसऱ्यांदा पहिले आले. पेंटाटॉनिक्स या गायकसमूहासह त्यांनी गायलेल्या 'जोलीन'ला २०१७ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. बियॉन्से यांनी २०२४ च्या 'काउबॉय कार्टर' या अल्बममध्ये 'जोलीन'चे शब्द बदलून विनवणीच्या जागी इशारा आणला.