आठ हजार आठशे अठ्ठेचाळीसची कुळकथा

जगातले सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट, उंची ८,८४८ मीटर. स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही गाइडात ही ओळ असते आणि वर्धा-हिंगणघाटच्या अभ्यासिकांतली मुले ती इतरांसारखीच पाठ करतात. पण या आकड्याचा आजा हिंगणघाटच्या मातीत पुरलेला आहे, हे गाइडात नसते. त्याचे नाव विल्यम लॅम्टन. एव्हरेस्ट त्याने कधी पाहिले नाही, मोजणे तर दूरच. तरीही त्याच्या कामाशिवाय तो आकडा निघालाच नसता. का, ते समजायला आधी डोंगराची उंची दुरून कशी काढतात हे पाहावे लागते.

१८४९ साली सर्वेक्षण खात्याच्या माणसांनी बिहारच्या मैदानातल्या सहा ठिकाणांवरून ‘शिखर १५’ नावाच्या एका हिमशिखरावर, म्हणजे पुढच्या एव्हरेस्टवर, दुर्बीण रोखली. नेपाळची हद्द परक्यांना बंद होती, म्हणून जवळ जाता येत नव्हते. शिखर पावणेदोनशे किलोमीटर लांब. आता गंमत अशी की एवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाई मध्ये येते. सपाट दिसणारी जमीन दोन्ही टोकांच्या मध्ये इतकी वळते की १७० किलोमीटरवरच्या डोंगराचा खालचा सव्वादोन किलोमीटर भाग पाहणाऱ्याच्या क्षितिजाखाली जातो. डोळ्याला दिसणाऱ्या कोनावरून जी उंची येते, तिच्यात हा दडलेला भाग मिळवावा लागतो. तो किती हे ठरवायचे तर पृथ्वी नेमकी किती मोठी आणि नेमकी कशा आकाराची, हे आधी ठाऊक हवे. शिवाय त्या सहा ठिकाणांमधले अंतरही बिनचूक हवे. या दोन्ही गोष्टींची मुळे शोधत गेले की आपण १८०२च्या मद्रासला पोहोचतो.

लॅम्टन मूळचा यॉर्कशरचा, पायदळातला अधिकारी. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९९च्या मोहिमेत रात्रीच्या अंधारात फौजेची एक तुकडी शत्रूच्याच दिशेने चालली होती. याने ताऱ्यांकडे पाहून ते ओळखले आणि सेनापतीला सावध केले, अशी त्याची ख्याती. श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याने सरकारपुढे प्रस्ताव ठेवला की सगळ्या द्वीपकल्पावर त्रिकोणांचे जाळे टाकू. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात, हे दहावीचे पोरही सांगेल. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची ती एकच बाजू. पुढे प्रत्येक नव्या त्रिकोणाला मागच्याची बाजू उसनी मिळते; मोजायचे फक्त कोन.

पण ती पहिली बाजू, आधाररेषा, चुकली की पुढचे सगळे चुकले. १० एप्रिल १८०२ रोजी सेंट थॉमस माउंटजवळ ती मोजायला सुरुवात झाली. शंभर फुटांची पोलादी साखळी, चाळीस दुव्यांची. ती चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेलेली आणि तिथे नापसंत होऊन फिरत फिरत हिंदुस्थानात आलेली. मद्रासच्या उन्हात पोलाद वाढते, म्हणून साखळी लाकडी पन्हळीत ठेवायची, तिच्यावर तंबूची सावली धरायची, तापमान टिपून ठेवायचे, आणि दुसऱ्या एका राखीव साखळीशी तिची लांबी ताडून बघायची. साडेसात मैल मोजायला जवळजवळ दोन महिने लागले. एवढी चिकाटी मी तरी दुसऱ्या कुठल्या मोजणीत वाचलेली नाही.

कोन मोजायचा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला होता. वजन सुमारे अर्धा टन. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांच्या तावडीत सापडून मॉरिशसला गेला. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने मात्र शास्त्राचे काम म्हणून तो सन्मानाने पुढे मद्रासला धाडून दिला. पुढे १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर तो चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकले. लॅम्टनने स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि सहा आठवडे खपून ते जमेल तेवढे सरळ केले.

या जाळ्याचा कणा म्हणजे कन्याकुमारीहून उत्तरेकडे, ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास, सरळ चढत जाणारी त्रिकोणांची ओळ. तिलाच महाकंस म्हणतात. इतर रेघा नकाशासाठी होत्या, ही पृथ्वीसाठी. एक अंश अक्षांशाची लांबी विषुववृत्ताजवळ किती आणि उत्तरेकडे सरकल्यावर किती, हे मोजून पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे ते ठरवायचे होते. १८१५पर्यंत लॅम्टन बिदरजवळच्या दमरगिड्याला, म्हणजे १८ अंशांच्या पुढे आला. १ जानेवारी १८१८ला या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि ते थेट गव्हर्नर-जनरलच्या अखत्यारीत गेले. मदतनीस म्हणून जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण तोफखान्यातला अधिकारी हैदराबादेत दाखल झाला. पावसाळ्यात हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि लांबचे दिसते, म्हणून पावसातच काम. आणि पावसातच जंगलातला हिवताप. एव्हरेस्टलाच १८२० साली तब्येत सुधारायला केप ऑफ गुड होपला जावे लागले. खलाशी, शिपाई, झेंडेवाले यांना केप नव्हते.

महाकंस वऱ्हाडात एलिचपूरच्या, आजच्या अचलपूरच्या, मुलखापर्यंत पोहोचल्यावर लॅम्टनने मुख्यालय हैदराबादहून नागपूरला हलवायचे ठरवले. वय सत्तरीकडे झुकलेले, खोकल्याने पोखरलेले शरीर. वाटेत, नागपूर पंचाहत्तर किलोमीटरवर राहिले असताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो गेला. तेव्हा वर्धा जिल्हा नव्हता. हा भाग नागपूरकर भोसल्यांचा होता आणि जिल्हा वेगळा व्हायला १८६२ उजाडायचे होते. हिंगणघाट म्हणजे वणा नदीकाठचे कापसाचे गाव. इथल्या कापसाचे नाव सातासमुद्रापार गेले, गावाबद्दल लिहिताना त्याचाच उल्लेख होतो. मोजणीवाल्या म्हाताऱ्याचा क्वचित.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर कौतुकाच्या भरात चुकीचे लिहिले जाते. महाकंस हिंगणघाटवरून गेलेला नाही. हिंगणघाटचे रेखांश जवळपास ७८ अंश ५० मिनिटे, म्हणजे ७८ अंशांच्या रेषेपासून नव्वदेक किलोमीटर पूर्वेला. ती रेषा वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला खेटून, अमरावतीच्या पूर्वेकडून जाते. लॅम्टन हिंगणघाटला मोजायला नव्हे, मुक्कामाला आला होता.

पुढचे काम एव्हरेस्टने उचलले आणि १८४१पर्यंत महाकंस मसुरीच्या डोंगरापर्यंत नेला. त्याच्यानंतर आलेल्या अँड्र्यू वॉच्या काळात शिखर १५ची निरीक्षणे झाली. गणिताचा बोजा उचलला तो राधानाथ सिकदारने. १८३१ साली खात्यात आलेला हा बंगाली गणिती १८५२च्या सुमारास या निष्कर्षापर्यंत पोहोचला की हे शिखर सगळ्यांत उंच आहे. वॉने १८५६ साली आकडा जाहीर केला: २९,००२ फूट, म्हणजे ८,८४० मीटर. सरासरी नेमकी २९,००० आली, पण लोकांना तो अंदाजे ठोकलेला आकडा वाटेल म्हणून वर दोन फूट घातले, असा किस्सा सांगतात. मला तो पटत नाही. साखळीची लांबी तापमान टिपून मोजणाऱ्या खात्याला दोन फूट असे चिकटवणे जमले असते असे वाटत नाही. शिखराला नाव मात्र एव्हरेस्टचे मिळाले, तेही त्याच्या आक्षेपाला न जुमानता. हे नाव स्थानिक लोकांना उच्चारता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. सिकदारचे नाव आता परीक्षेत येते. लॅम्टनचे अजून फारसे येत नाही.

याच कंसाने भूगोलाच्या पुस्तकाला आणखी एक प्रकरण दिले, आणि माझ्या मते ते उंचीपेक्षा मोठे आहे. सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेचे कलियाना यांच्यातले अंतर त्रिकोणांनी एक आले आणि ताऱ्यांवरून काढलेल्या अक्षांशांनी दुसरे; फरक सव्वापाच सेकंदांचा, जमिनीवर सुमारे १६० मीटर. एव्हरेस्टला वाटले, मोजणीतली चूक. कलकत्त्याचा पाद्री जॉन प्रॅट याने १८५५ साली हिशेब मांडला की हिमालयाच्या ओढीने ओळंबा तिकडे झुकत असणार. पण हिशेबाने झुकाव जवळपास सोळा सेकंदांचा यायला हवा होता, प्रत्यक्षात तिसराच भाग. मग उरलेला हिमालय गेला कुठे? एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने उत्तर दिले, डोंगराखाली हलक्या खडकांची मुळे खोल गेलेली असतात. आयसोस्टसी, म्हणजे भूसंतुलन, या प्रकरणात एअरी आणि प्रॅट यांचे दोन सिद्धांत वेगवेगळे पाठ करावे लागतात; ते जन्मले ते एका गवंड्याच्या ओळंब्यावरून.

आकडाही पुढे बदलत गेला. १९५० च्या दशकात भारतीय सर्वेक्षण खात्याने जवळून मोजून २९,०२८ फूट, म्हणजे ८,८४८ मीटर ठरवले. डिसेंबर २०२०मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ जाहीर केले. त्यामुळे पर्यायांत दोन्ही आकडे असले तर मुलांनी दशांश चिन्ह पाहून खूण करावी. १८५६च्या आणि आजच्या आकड्यात फरक नऊ मीटरांचा, म्हणजे हजारात एक. पावणेदोनशे किलोमीटरवरून, पितळी यंत्राने, बंद सीमेच्या अलीकडून.

पृथ्वीच्या आकाराचे लॅम्टनचे मोजमाप आणि एव्हरेस्टचे १८ ते २४ अंशांमधले काम मिळून १८३० साली जो लंबगोल ठरला, त्याला ‘एव्हरेस्ट लंबगोल’ म्हणतात. त्यावर आधारलेली टोपोशीटे भारतात पावणेदोनशे वर्षे चालली. २००५च्या नकाशा धोरणानंतर नागरी वापराची नवी पत्रके डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक लंबगोलावर आली. जुन्या पद्धतीत वर्ध्याचा बराचसा भाग ५५ क्रमांकाच्या चौकटीत येतो. हिंगणघाट ज्या पत्रकावर आहे त्याचा क्रमांक ५५ एल/१४.