कापसाची गाडी कुजली का नाही?

आजचा विषय सापडला आमच्या कचऱ्याच्या बादलीत. माझा बांबूचा कॉफी मग फुटला. वर हिरवं पान छापलेलं, खाली 'नैसर्गिक' लिहिलेलं. मी तो बिनधास्त ओल्या कचऱ्यात टाकला. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी तुकडा नखाने वाजवून बघितला आणि परत हातात दिला. म्हणाल्या, "दादा, सुक्यात टाका. हे काय सडत नाही."

बीटेक मी झालो, आणि फरक त्यांना कळला! मग शोधत बसलो, ते थेट पूर्व जर्मनीत पोहोचलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गाड्यांसाठी लागणाऱ्या पोलादी पत्र्याची टंचाई होती. मात्र सोव्हिएत संघातून टाकाऊ कापूस येत होता आणि देशातल्या रासायनिक उद्योगातून फेनॉल रेझिन मिळत होतं. झ्विकाऊच्या इंजिनिअरांनी दोन्हींची सांगड घातली. कापसाच्या तंतूंचे थर, त्यात रेझिन, वरून गरम प्रेसचा दाब. झालं ड्युरोप्लास्ट तयार! १९५७ साली ट्राबांट गाडी आली. सांगाडा पोलादाचा, पण दरवाजे, बॉनेट, छप्पर या कापसाच्या प्लास्टिकचं. वजनाला हलकं, आणि गंजायचा प्रश्नच नाही. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. १९९१ पर्यंत ३० लाखांहून जास्त ट्राबांट बनल्या.

मधेच १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. पश्चिमेकडच्या गाड्या आल्या आणि कितीतरी ट्राबांट रस्त्याकडेला बेवारस पडल्या. आता यांचं करायचं काय? कापूसच आहे, कुजेल की!

नाही कुजला. फेनॉल रेझिन एकदा तापून घट्ट झालं की त्याच्या रेणूंचं जाळं कायमचं विणलं जातं. परत वितळवता येत नाही. कापूस त्या जाळ्यात कोंडलेला, मग जिवाणू पोहोचणार कुठून? जाळलं तर विषारी धूर. शेवटी त्याचा भुगा करून सिमेंटच्या ब्लॉकमध्ये भरायचा मार्गही वापरला गेला.

गंमत म्हणजे, खरोखर कुजणारं प्लास्टिक ट्राबांटच्या आधीच सापडलं होतं. १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मॉरिस लेम्वान यांना दिसलं, की काही जिवाणू आपण चरबी साठवतो तसं एक पॉलिमर पोटात साठवतात. त्याचं नाव पीएचबी. मातीतले इतर जिवाणू ते खाऊन टाकतात. पण खनिज तेलापासून बनणारं प्लास्टिक स्वस्त पडायचं, त्यामुळे पीएचबी मागे राहिलं.

म्हणजे कुजणार की नाही, हे नुसत्या धाग्यावर ठरत नाही. त्याला धरून ठेवणारं रेझिन कोणतं, तेही बघावं लागतं. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर पॅकेजच्या नावावर जाऊ नका, आतल्या डिपेंडन्सी तपासा.

माझा मग सध्या सुक्या कचऱ्यात आहे. तुमच्या घरात असं 'नैसर्गिक' काय काय आहे? एकदा नखाने वाजवून बघा. भेटू पुढच्या भागात!